कौलारू घरात धुराड्याची चूल: मापं, पाइप, जळण आणि आगीची काळजी

सड्यावरचा

घर संगमेश्वर तालुक्यात. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं. स्वयंपाकघर 10 बाय 14 फूट. चूल उत्तरेच्या बाहेरच्या भिंतीला घालायचा विचार आहे. तिथे छप्पर जमिनीपासून 8 फुटांवर आहे. आढं 13 फुटांवर, आणि भिंतीपासून आडवं मोजलं तर 9 फूट लांब. दोन वैलांची (भांडं ठेवायच्या दोन भोकांची) चूल हवी, 8-10 माणसांचा भात, आमटी आणि भाकऱ्या होतील एवढी. गॅसही त्याच खोलीत राहणार आहे.

हवंय ते असं: धूर खोलीत येता कामा नये, पावसाळ्यात धुराड्यातून पाणी उतरता कामा नये, आणि वाशांना आग लागायची भीती नको. गवंडी मिळतोय, पण त्याने धुराड्याची चूल कधी घातलेली नाही. म्हणून त्याच्या हातात देता येईल असं सविस्तर लिहा.

जांभा_चिरा

आधी धुराड्याची उंची ठरवा, चुलीचं नंतर बघू. बहुतेक लोक उलटं करतात. चूल छान सारवून तयार होते आणि मग उरलेल्या जागेतून पाइप काढतात.

ठोकताळा असा: पाइप छपरातून जिथे बाहेर पडतो तिथून किमान 3 फूट वर गेला पाहिजे, आणि 10 फुटांच्या आत छपराचा जो भाग येतो त्याच्यापेक्षा 2 फूट उंच असला पाहिजे. तुमचं आढं 9 फुटांवर, म्हणजे त्या 10 फुटांत आलं. आढं 13 फूट, म्हणून पाइपचं तोंड 15 फुटांवर. छपराबाहेर जवळजवळ 7 फूट पाइप उघडा राहणार. 5 फुटांपेक्षा जास्त उघडा पाइप ताणाशिवाय ठेवू नका. तीन बाजूंनी 4 मिलिमीटरच्या गॅल्व्हनाइज्ड तारेचे ताण द्या आणि ते कौलाला नाही, वाशाला आवळा.

दुसरा मार्ग म्हणजे चूल मधल्या भिंतीला नेणं. तिथून पाइप आढ्याजवळ निघतो, वर 3 फूट पुरतो आणि सगळा पाइप घरातून गेल्यामुळे गरम राहतो. ओढही, म्हणजे धूर वर खेचला जाण्याचा जोर, चांगली लागते.

सड्यावरचा

मधल्या भिंतीवर लाकडी माळा आहे, त्यावर भात आणि सरपण दोन्ही असतं.

जांभा_चिरा

मग विषय संपला. बाहेरची भिंत बरी. माळ्यातून पाइप नेणं म्हणजे सरपणातून पाइप नेणं.

ओतकाम

पाइपच्या व्यासावर इथे नेहमी वाद होतो, म्हणून आकडे देतो. जुन्या सरकारी सुधारित चुलींना 3 इंची पाइप असायचा. नवा असताना तो ओढतो. पण आत सगळीकडून 1 सेंटिमीटर काजळी बसली, की 3 इंची पाइपचं मोकळं क्षेत्र जेमतेम 54 टक्के उरतं. 4 इंचीत 64 टक्के उरतं, 6 इंचीत 75. घरगुती दोन वैलांना 4 इंची पुरतो. 6 इंची घेतला तर काजळीची चिंता कमी, पण धूर हळू चढतो, वाटेत थंड होतो आणि डांबरासारखा चिकट थर जास्त धरतो. रोज 8-10 माणसांचा स्वयंपाक असेल तर मी 5 इंची घेईन. तो मिळाला नाही तर 4 इंची घ्या आणि साफसफाईचं वेळापत्रक पाळा.

ओढ कशाने लागते तेही बघा. तुमचा पाइप चुलीपासून तोंडापर्यंत साधारण 4 मीटर होईल. आतला धूर सरासरी 150 अंश सेल्सिअस आणि बाहेरची हवा 30 असेल तर सुमारे 13 पास्कल ओढ मिळते. तोच धूर 60 अंशांवर आला तर 4 पास्कल. म्हणजे उंची तीच, पाइप तोच, फक्त थंड पडला की ओढ तिसऱ्या हिश्शावर येते. ओलं लाकूड, उघडा थंड पाइप आणि मंद धुमसती आग या तिघांचा परिणाम एकच होतो.

90 अंशांचे कोपरे टाळा. वळण घ्यावंच लागलं तर 45 अंशांची दोन घ्या, आणि आडवा तुकडा 1 फुटापेक्षा लांब नको. तोही चुलीकडून वर चढता असावा.

चुलवण

सगळे पाइपावर बोलताय, पण चुलीवर भाकरी कोण करणार ते बघा की. धुराड्याच्या चुली गावोगाव का मोडल्या? तोंड बारीक ठेवतात. भाकरी तव्यावर उलटली की ती आरावर फुगवायची असते, तोंडापाशी उभी करून. तोंड 5 इंचाचं असलं तर भाकरी ठेवायची कुठं? मग बाई विळ्यानं तोंड कापून मोठं करते, आणि त्या दिवसापासनं धूर परत घरात. हे बाईचं चुकलं म्हणायचं का? चूल काढणाऱ्यानं कधी भाकरी थापली नव्हती, असं म्हणा.

उपाय सोपा आहे. तोंड लहानच ठेवा, 15 सेंटिमीटर रुंद, 13 उंच. पण तोंडासमोर एक फुटाचा सपाट ओटा काढा, चुलीच्या तळाच्याच पातळीला, कडेला दोन बोटं उंच काठ. उलथन्यानं चार इंगळ पुढं ओढायचे आणि त्यावर भाकरी शेकायची. धूर सगळा आत, आर बाहेर. झालं की इंगळ परत आत लोटायचे.

आणि उघड्या चुलीवर असतात तसे भांड्याखालचे तीन उंचवटे या चुलीला करायचे नाहीत. तिथं ते धूर बाहेर जायला असतात. हितं भांडं भोकावर घट्ट बसलं पाहिजे. पहिलं भोक 20 सेंटिमीटरचं, दुसरं 18चं. घरातले टोप आणि तवा आधी गवंड्याच्या हातात द्या, ओल्या मातीतच भांडं फिरवून कड बसवून घ्या.

ओतकाम

चुलवणताईंशी शंभर टक्के सहमत. मागच्या वैलावर भांडं नसेल तेव्हा ते भोक झाकणाने बंद हवंच, हे मी त्यात जोडतो. उघडं राहिलं तर धुराडं खोलीतली थंड हवा तिथूनच ओढून घेतं, चुलीच्या तोंडाची ओढ जाते आणि धूर पुढून बाहेर येतो. "धुराडं बिघडलं" अशा निम्म्या तक्रारी या एका झाकणाच्या असतात.

जांभा_चिरा

आता गवंड्यासाठी. ओळीने लिहितो.

पाया म्हणून जमिनीवर विटांचा एक थर द्या आणि त्यावर 2 इंच वाळू पसरा. खाली शेणाची जमीन असो वा फरशी, चुलीचा तळ थेट तिच्यावर नको. लाकडी तक्तपोशी असेल तर त्या जागी चूल घालूच नका.

आगीच्या कप्प्याला 9 इंच लांब, साडेचार इंच रुंद, 3 इंच जाड मापाच्या 10-12 अग्निविटा लागतात. त्या फायर क्लेमध्ये (उष्णता सोसणाऱ्या मातीत) बसवायच्या, सिमेंटमध्ये नाही. सिमेंट 300 अंशांच्या पुढे ताकद सोडायला लागतं आणि भुगा होतो. अग्निविटा मिळाल्या नाहीत तर चांगल्या भाजलेल्या लाल विटा मातीच्या गाऱ्यात चालतील, फक्त काही वर्षांनी बदलाव्या लागतील. नदीतले गोटे आगीच्या आत लावू नका. पोटात मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि ते फुटून उडतात.

कप्प्याच्या तळाला बिडाची जाळी घाला, पट्ट्यांमध्ये बोटाएवढी फट. जाळीखाली 3 इंचांचा राखेचा खण, त्याला पुढून वेगळं तोंड. हवा खालून येते आणि निखारा पूर्ण जळतो. जाळीपासून भांड्याच्या बुडापर्यंत 16 ते 18 सेंटिमीटर. कमी ठेवलं तर ज्योत भांड्यावर आपटून विझते आणि काजळी धरते. जास्त ठेवलं तर जळण वाया.

पहिल्या वैलातून दुसऱ्याकडे जाणारा बोगदा 4 इंचाचा, वर चढता. दुसऱ्या वैलाखाली मातीचा उंचवटा करा, त्याच्या माथ्यापासून भांड्याच्या बुडापर्यंत 4 सेंटिमीटर जागा. हा उंचवटा नसेल तर ज्योत दुसऱ्या भांड्याला न भेटता सरळ धुराड्यात पळते.

अग्निविटा आणि चुलीची बाहेरची भिंत यांच्यात 2 इंच पोकळी ठेवून त्यात तुसाची पांढरी राख भरा. तुसाच्या राखेतून उष्णता फार हळू जाते. ही पोकळी नसेल तर पहिला अर्धा तास तुम्ही स्वयंपाक करत नाही, माती तापवत असता.

बाहेरच्या लिंपणाला वारुळाची किंवा चिकण माती 3 घमेली, शेण 1, तूस 1. सावलीत 10 ते 15 दिवस वाळू द्या. मग तीन दिवस रोज फक्त काटक्यांची बारीक आग. घाई केली की आतला ओलावा वाफेने बाहेर पडताना अग्निविटांचे सांधे उघडतो. बाहेर केसासारख्या चिरा पडल्या तर काळजी नको, पोतेऱ्याने भरून निघतात. बोट जाईल अशी चीर आली तर तिथली माती काढून परत भरा.

धूरकट

घरी सिमेंटचे जुने पांढरट पाइप पडलेत, गोठ्याच्या छपरातून उरलेले. तेच वापरले तर?

ओतकाम

ते बहुधा अॅस्बेस्टॉस सिमेंटचे असतील. एकेकाळी सुधारित चुलींना तेच लावायचे, म्हणून हा प्रश्न येतो. पण कापताना, घासताना निघणारी धूळ फुप्फुसात बसते आणि ती निघत नाही. शिवाय असमान तापून ते उभे तडकतात, आणि तडक कौलाखाली असेल तर दिसतही नाही. आहेत तिथे पडू द्या. पीव्हीसी तर अजिबात नको, मऊ पडतो आणि जळला तर विषारी वायू सोडतो.

पहिला 3 फूट पाइप काळ्या लोखंडाचा, 2 मिलिमीटर जाडीचा घ्या. जस्ताचा मुलामा असलेला पाइप आगीजवळ नको, जस्त 419 अंशांना वितळतं आणि त्याची वाफ छातीत जाते. वर मात्र स्टेनलेस 304 घ्या, 0.8 मिलिमीटर. कोकणच्या खाऱ्या हवेत आणि धुरातल्या आम्लात साधा पत्रा लवकर भोकसतो.

सांध्याची दिशा नीट बघा. वरच्या पाइपचं टोक खालच्या पाइपच्या आत गेलं पाहिजे. म्हणजे आतून ओघळणारं काळं पाणी आतच उतरतं. उलटं बसवलं तर ते सांध्यातून बाहेर येतं, भिंत रंगवतं आणि वास महिनाभर जात नाही. आणि 4 मीटर स्टेनलेसचा पाइप 150 अंशांनी तापला तर सुमारे 10 मिलिमीटर वाढतो. भिंतीच्या क्लॅम्पमध्ये तो सरकता ठेवा, दोन्ही टोकांना गच्च आवळू नका.

चुलीच्या मागे पाइपच्या तळाशी टी (इंग्रजी T आकाराचा जोड) बसवा, टोपण खालच्या बाजूला. काजळी तिथून काढता येते. हे टोपण विसरलेलं धुराडं दोन वर्षांत कायमचं बुजतं.

जांभा_चिरा

छपरातून पाइप काढताना वासे-रिपांपासून उघडा पाइप 18 इंच दूर हवा. एवढी जागा वाशांच्या मध्ये कधीच नसते. म्हणून छपराच्या जाडीत 4 इंची पाइपभोवती 12 इंची पत्र्याचं नळकांडं घाला, दोन्हींमध्ये रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर) ठासा, आणि नळकांड्यालाही लाकूड टेकता कामा नये. मधली एखादी रीप कापावी लागली तर कापा, आडवा तुकडा मारून भार शेजारच्या वाशांवर द्या. नळकांड्याच्या खालच्या तोंडाला पत्र्याची चकती लावा, नाहीतर रॉकवूल खाली गळतं.

लाकूड पेट घ्यायला 250 अंशांच्या पुढे जावं लागतं, म्हणून लोक म्हणतात पाइप एवढा कुठे तापतो. पण वर्षानुवर्षं शंभर अंशांच्या आसपास तापत राहिलेलं लाकूड आतून कोळसा होत जातं आणि पुढे पुष्कळ कमी तापमानाला पेटतं. आग पहिल्या वर्षी लागत नाही ती म्हणूनच.

कौलावर शिशाचा किंवा अॅल्युमिनियमचा पत्रा. त्याची वरची कड वरच्या कौलांच्या ओळीखाली जाते, खालची कड खालच्या ओळीवर येते. पाइपला पत्र्याच्या वर एक गळपट्टा, म्हणजे पाइपवरून ओघळणारं पाणी लांब पडतं. टोपी आणि पाइपच्या तोंडात 4 इंच मोकळे. टोपी खाली दाबली की पाऊस थांबतो आणि धूरही थांबतो.

वास्तूचा आग्नेय कोपरा जमला तर आनंद आहे, पण पावसाळ्याचा वारा नैर्ऋत्येचा असतो हे टोपी निवडताना बघा. आडव्या वाऱ्याला एच आकाराची टोपी बरी पडते.

पाचगणीचा_उतार

थोडं वेगळं. स्वयंपाकासाठी नाही, थंडीत खोली तापवायला काचेचं दार असलेला बिडाचा बंद स्टोव्ह बसवायचाय. स्लॅबची खोली, खिडक्या घट्ट. चुलीचेच नियम लागतात का?

लीड्सकर

तत्त्व तेच, आकडे कडक. इथे इंग्लंडमध्ये बांधकाम नियमांत जे दिलंय ते तुम्हाला जसंच्या तसं वापरता येईल.

धुराड्याची उंची स्टोव्हच्या वर किमान 4.5 मीटर. व्यास साधारण 150 मिलिमीटर, आणि स्टोव्हच्या स्वतःच्या तोंडापेक्षा बारीक कधीच नाही. स्टोव्हखाली न जळणारा ओटा किमान 840 बाय 840 मिलिमीटर. बंद दाराच्या स्टोव्हला दारासमोर 225 मिलिमीटर ओटा पुढे आला पाहिजे, दार उघडून जाळायचा असेल तर 300. बाजूंना 150. एकेरी पाइप जळण्याजोग्या वस्तूपासून व्यासाच्या तिप्पट लांब, म्हणजे 150च्या पाइपला 450.

घट्ट खोलीत हवेचा प्रश्न मोठा. फटी कमी असलेल्या घरात दर किलोवॅटमागे 550 चौरस मिलिमीटर कायम उघडं हवेचं भोक लागतं. 5 किलोवॅटच्या स्टोव्हला 2750, म्हणजे साधारण 5 बाय साडेपाच सेंटिमीटर. जाळी लावा, पण बंद करता येणारी झडप लावू नका. थंडी वाजली की पहिली तीच बंद होते.

स्टोव्ह मोठा घेऊ नका. मोठा घेतला की खोली तापते, मग हवा कमी करून तो धुमसत ठेवतात. काच काळी पडणं ही त्याची पहिली खूण. काच काळी तर धुराडंही काळं. लहान स्टोव्ह भरपूर हवेवर ज्योतीने जळू द्यावा.

स्लॅबला भोक पाडायच्या आधी सळया कुठे आहेत ते स्कॅन करून घ्या. बीमला हात लावू नका. शक्यतो भिंतीतून बाहेर काढून वर न्या, पण बाहेरचा सगळा भाग दुहेरी, मध्ये रॉकवूल असलेल्या पाइपचा घ्या.

धूरकट

सकाळी पहिल्यांदा पेटवली की धूर खोलीत उलटतो, दहा मिनिटांनी सरळ होतो. दुपारी काही त्रास नाही. पाइप बदलावा का?

ओतकाम

बदलू नका. रात्रभरात पाइप थंड पडतो, आतली आणि बाहेरची हवा सारखीच, म्हणून ओढ शून्य. धुराड्याच्या तळाचं टोपण उघडून आत कागदाचा एक बोळा पेटवा, टोपण लावा आणि लगेच चुलीत काटक्या पेटवा. आधी पाइप गरम, मग चूल.

शंका असेल तर तोंडापाशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर ढकलला जात असेल तर खिडकी उघडून परत बघा. खिडकी उघडल्यावर सुधारलं तर खोलीला हवा कमी पडतेय. एक्झॉस्ट फॅन चालू असेल तर तो आधी बंद करा, तो धुराड्यातूनच हवा खाली ओढतो. कौलारू घरात फटींमुळे निभावतं. स्लॅबच्या खोलीत फॅन आणि चूल एकत्र चालवू नयेत. चुलीवर विजेची चिमणी लावण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर काढून टाका, तिच्या जाळीतलं तेल पेटतं.

चुलवण

जळणावर बोलू. बाभूळ, सुबाभूळ, चिंच, सुरू, ऐन, किंजळ ही टिकून जळतात, आर चांगला पडतो. पांगारा, सावर, शेवगा भुरकन जातात, पेटवणीपुरते घ्या. झावळ्या आणि सोडणं पेटवायला उत्तम, पण चुलीत कोंबली तर ज्वाळा धुराड्यात शिरतात. काजूच्या बियांची टरफलं जाळू नका, तेलाचा धूर डोळे फोडतो. बिब्ब्याचं लाकूड तर ओळखूनच बाजूला काढा, त्याच्या धुरानं अंग सुजतं. कण्हेरही नको. रंगवलेली फळी, प्लायवूड, मायका, प्लास्टिक काही नको.

जळाण मनगटापेक्षा जाड ठेवू नका. फक्त टोकं आत असावीत आणि टोकांच्या मध्ये हवा. तोंड ठासून भरलं की धूर होणारच. फुंकणी सारखी हातात घ्यावी लागत असेल तर समजा जळाण ओलं किंवा जास्त.

ओतकाम

ओलं म्हणजे किती ते सांगतो. ताजं तोडलेलं लाकूड वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असतं. 20 टक्क्यांच्या खाली आलं की ते चुलीयोग्य. हा आकडा वजनातून काढायचा: 1 किलोचा तुकडा पूर्ण वाळून 780 ग्रॅम झाला तर पाणी 22 टक्के. बाजारातली सुई टोचायची मीटर मात्र कोरड्या वजनावर टक्के दाखवतात, त्याच तुकड्याला 28 दाखवतील. मीटर वापरायचा तर ओंडका तिथल्या तिथे फोडा आणि नव्या आतल्या बाजूला टोचा. बाहेरची साल नेहमी कोरडीच दिसते.

जांभा_चिरा

आगोटीपूर्वी रचताना जमिनीपासून एक फूट वर, भिंतीपासून चार बोटं सुटं, वर पत्रा, बाजू उघड्या. ताडपत्रीने चहूबाजूंनी गुंडाळलं की आतल्या आत घामेजून बुरशी येते. पावसाळ्यात ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवा, फुरसं आणि विंचू दोघांनाही ती जागा आवडते. स्वतःच्या आवारातलं झाड तोडायचं तरी परवानगीचं बघा. 1964च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत खैर, ऐन, चिंच, आंबा, फणस अशी बरीच झाडं आहेत.

लीड्सकर

कार्बन मोनॉक्साइडवर कोणीच लिहिलं नाही. धूर दिसतो, हा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही येत नाही. सगळ्यात धोक्याची वेळ ज्योत असताना नाही, निखारे उरल्यावर असते. रात्री झोपताना तोंड आणि पाइप दोन्ही बंद करून "ऊब धरून" ठेवतात, ते करू नका. पाइपमध्ये झडप बसवली तर तिच्या पत्र्याला चौथा हिस्सा भोक ठेवा म्हणजे ती पूर्ण बंद होणारच नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून दारं-खिडक्या लावून घेण्याची पद्धत याच कारणाने थांबवली पाहिजे.

अलार्म घ्या, युरोपीय मानक 50291चा. तो 50 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 50 भाग) 60 ते 90 मिनिटांत वाजतो, 100ला 10 ते 40 मिनिटांत, 300ला तीन मिनिटांच्या आत. चुलीपासून आडवं 1 ते 3 मीटर अंतरावर लावा, थेट चुलीवर नाही. मागे संपायची तारीख असते, ती बघा. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं एकाच वेळी दोघांना झालं तर आधी बाहेर पडा, कारण नंतर शोधा.

सड्यावरचा

गॅसचं काय? आणि धुराड्यालाच आग लागली तर?

जांभा_चिरा

सिलिंडर भिंतीपलीकडे, बाहेर. जमलंच नाही तर चुलीपासून किमान 10 फूट, आणि जमीन सिलिंडरकडून चुलीकडे उतरत नसावी. गॅस हवेपेक्षा जड, जमिनीवरून वाहत विस्तवापर्यंत येतो. वास आला तर चूल पेटवायची नाही, पेटलेली असेल तर सगळ्यांना बाहेर काढायचं.

धुराडं पेटलं की पाइपमधून घरघर आवाज येतो आणि टोपीतून ठिणग्या उडतात. चुलीचं तोंड आणि राखेचा खण पत्र्याने बंद करा, फटी ओल्या मातीने लिंपा, माणसं बाहेर काढा, 101 किंवा 112ला फोन करा. पाइपात पाणी ओतू नका, वाफेने सांधे सुटतात आणि जळती काजळी खोलीत पडते. विझल्यावर वासे हाताने तपासा, रात्रीतून दोनदा. पाइप उतरवून बघितल्याशिवाय परत पेटवायचं नाही.

हे टाळायचं तर काजळी 3 मिलिमीटर झाली की साफ करा. नव्या चुलीला पहिले दोन महिने दर पंधरा दिवसांनी बघा, मग अंदाज येतो. ब्रश नसला तर काथ्याचा घट्ट बोळा पाइपच्या व्यासाचा, दोरी आणि खाली वजन. वरून सोडा, खालून ओढा.

राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, डबा दगडावर. दोन दिवस तरी गोठ्यात, पेंढ्याजवळ किंवा प्लास्टिकच्या बादलीत नाही. पेटवायला रॉकेल, पेट्रोल, सॅनिटायझर काहीही नको. नायलॉनची साडी किंवा ओढणी नेसून चुलीपुढे बसू नये. भाजलंच तर 20 मिनिटं वाहतं गार पाणी, टूथपेस्ट नाही.

पाचगणीचा_उतार

तांब्याचा बंब न्हाणीघरात ठेवायचाय, हाच पाइप लावून चालेल?

चुलवण

बंब बाहेर पडवीत ठेवा आणि पाणी आत न्या. न्हाणीघर लहान, दार बंद, माणूस आत, हे तिन्ही एकत्र नको. पाण्याशिवाय पेटवायचा नाही. आतल्या कल्हईचं कथील 232 अंशांनाच वितळतं, डाख सुटतो आणि बंब गळायला लागतो. वरचं झाकण सैलच ठेवायचं, वाफेला वाट हवी.

सड्यावरचा

सर्वांचे आभार. गवंड्याला दाखवलं, तो टोपीला बारीक जाळी लावूया म्हणतोय, चिमण्या घरटं करू नयेत म्हणून.

ओतकाम

जाळी लावा, पण भोकं किमान 12 मिलिमीटरची. डासांची जाळी लावली तर काजळीने आठवड्यात बुजेल. आणि ती स्क्रूवर बसवा, वेल्ड करू नका. काथ्याचा बोळा तिथूनच आत सोडायचा आहे.